ज्यांच्याकडे तिकीटच नाही, त्यांचा बहिष्कार

'लुकिंग फॉर एरिक' मी पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलवर, मित्राच्या लॅपटॉपवर, कुठूनतरी उतरवलेल्या सबटायटल्ससह. मँचेस्टरच्या पोस्टमनांचं इंग्रजी इतकं दाट, की सबटायटल्सशिवाय एक वाक्य धड कळत नव्हतं. आणि ती तयार करणाऱ्यालाही बहुधा सगळं कळलेलं नव्हतं. पबमधल्या एका प्रसंगात सगळेजण कुणातरी 'ग्लेझियर'च्या नावाने खडे फोडत होते. ग्लेझियर म्हणजे खिडक्यांना काचा बसवणारा. ही माणसं काचा बसवणाऱ्यावर एवढी का चिडलीत, हे सिनेमा संपेपर्यंत मला उमगलं नाही. सबटायटल लिहिणाऱ्याने आडनाव चुकीचं ऐकलं होतं. माणूस होता माल्कम ग्लेझर, आणि तो मँचेस्टर युनायटेडचा मालक होता.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तोवर मी युनायटेडचा चाहता होऊन काही वर्षं झाली होती. खाटेमागच्या भिंतीवर संघाचं पोस्टर होतं. लेफ्ट बॅकचा शर्ट नंबर झोपेतही सांगता आला असता. पण क्लब कुणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. क्लब असतो, तसा तो होता.

म्हणून मला या सिनेमातल्या त्या एकाच प्रसंगाबद्दल लिहायचं आहे. सिनेमा २००९चा, दिग्दर्शक केन लोच, पटकथा पॉल लॅव्हर्टीची. यावर जे काही लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक एरिक कँटोनाबद्दल आहे, आणि ते साहजिक आहे. नव्वदच्या दशकातला युनायटेडचा हा दैवी खेळाडू स्वतःचीच भूमिका करतो, आणि तीसुद्धा भासाच्या रूपात. एरिक बिशप नावाचा पन्नाशीकडे झुकलेला पोस्टमन आहे. पहिल्या बायकोला, लिलीला, तरुणपणी तान्ह्या मुलीसकट सोडून आलेला. दुसरी बायको याला सोडून गेलेली, आणि तिचे दोन मुलगे याच्या गळ्यात. सिनेमाच्या सुरुवातीलाच तो चौकातल्या सर्कलला उलट दिशेने गाडी घालून गरगरत राहतो. मग एका रात्री सावत्र मुलाचा गांजा चोरून ओढताना खोलीतल्या पोस्टरमधला कँटोना प्रत्यक्ष समोर उभा राहतो आणि याला सल्ले द्यायला लागतो. सिनेमाचा पूर्वार्ध या दोन एरिकांच्या गप्पांवर तरलेला आहे, आणि स्टीव्ह एव्हेट्सने पोस्टमन असा उभा केलाय की हा माणूस आपल्या गल्लीत राहत असावा असं वाटतं.

पबमधला प्रसंग या कथेला तसा उपरा आहे. काढून टाकला तर कथानकाचं काही अडत नाही. पोस्टमन मंडळी जमलेली आहेत आणि त्यांच्यातल्या एकाच्या अंगात भलताच शर्ट आहे. रंग तेच, लाल-पांढरा-काळा, पण क्लब दुसरा: एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. मग त्याच्यावर सगळे तुटून पडतात. क्लब बदलतो तो माणूस कसला? तो सांगतो, मी बदललो नाही, क्लब बदलला, विकला गेला. हे त्याला गद्दार म्हणतात, तो यांना गिऱ्हाईक म्हणतो. शिव्या, हशा, बिअर. भांडणाचा निकाल लागत नाही.

हे भांडण कळायला थोडा इतिहास हवा. मे २००५मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब विकत घेतला. तोवर क्लबवर कर्ज जवळपास नव्हतं. ग्लेझरांनी निम्म्याहून अधिक पैसा कर्जाऊ उभा केला आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. म्हैस विकत घ्यायची, तिच्या किमतीचं कर्ज तिच्याच नावावर काढायचं आणि व्याज तिच्या दुधातून भरायचं, असा हा व्यवहार. तो पूर्ण कायदेशीर होता.

शेअर बाजारात असलेल्या या क्लबचे थोडे थोडे शेअर हजारो चाहत्यांनी घेऊन ठेवले होते. परतावा मिळावा म्हणून नव्हे; फ्रेम करून भिंतीवर लावायला. काहींनी विकायला ठाम नकार दिला. पण एका ठरावीक टक्केवारीपलीकडे मालकी गेली की उरलेले शेअर सक्तीने घेता येतात, असा तिथला कायदा. न विकणाऱ्यांचेही शेअर गेले आणि पैसे हातात आले. निषेधाचा सगळ्यात साधा प्रकार, म्हणजे 'मी देत नाही', तोच इथे पहिल्याच फटक्यात निकालात निघाला.

याआधी एकदा चाहते जिंकले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. १९९८मध्ये रुपर्ट मर्डॉकच्या बीस्कायबी कंपनीने क्लबसाठी ६२.३ कोटी पौंडांची बोली लावली होती. चाहत्यांनी पत्रं लिहिली, सभा घेतल्या, खासदारांना गाठलं, मक्तेदारी आयोगापुढे आपली बाजू मांडली. आणि एप्रिल १९९९मध्ये सरकारने तो सौदा अडवला. तेव्हा टीव्ही कंपनीनेच क्लब विकत घेणं स्पर्धेला मारक ठरेल, असा कायद्यात बसणारा मुद्दा हाताशी होता. ग्लेझरांकडे टीव्ही कंपनी नव्हती, फक्त कर्ज होतं. आणि उसन्या पैशाने खरेदी करण्याविरुद्ध कायदा काहीच म्हणत नव्हता.

तर २००५च्या उन्हाळ्यात मँचेस्टरमध्ये जो वाद पेटला तो 'मालक वाईट आहेत का' असा नव्हताच. त्यावर एकमत होतं. वाद होता 'मग आता आपण काय करायचं' हा. काही जणांनी सीझन तिकिटाचं नूतनीकरण केलं नाही आणि नवा क्लब काढला. एका सभासदाला एक मत. कुणी कितीही पैसे घातले तरी मत एकच. इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पातळीवरून सुरुवात केली, सलग तीन वर्षं वरच्या गटात बढती मिळवली. बाकीच्यांनी सांगितलं, बाप दारू पिऊन घर गहाण टाकतो म्हणून आपण दुसऱ्या घरात जाऊन त्याला बाबा म्हणत नाही. आपल्याकडच्या राजकारणात 'भांडण विठ्ठलाशी नाही, बडव्यांशी आहे' हे रूपक फार वापरलं गेलं. असं म्हणणारे बहुधा पुढे वेगळा पक्ष काढतात. मँचेस्टरमध्ये त्यांनी वेगळा क्लब काढला, एवढंच.

या विषयावर बातम्या, माहितीपट, चाहत्यांची आत्मकथनं मी बऱ्यापैकी वाचली-पाहिली आहेत. बहुतेकांत दोन गट असतात: निष्ठावंत आणि बंडखोर, आणि लिहिणारा कुठल्या गटाचा ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं. लोचकडून तर मी बंडखोरांच्या बाजूचा प्रचारच अपेक्षित धरला असता. हा माणूस आयुष्यभर डाव्या विचारांचे सिनेमे करत आलेला, स्वतः बाथ सिटी या छोट्या क्लबचा पाठीराखा, आणि तो क्लब समाजाच्या मालकीचा व्हावा म्हणून पुढे उघडपणे उभा राहिलेला. पण पबमधल्या प्रसंगात त्याने एफसीवाल्याला नायक केलेलं नाही. टेबलावरचा तो एक आहे, बस. त्याची टर उडते आणि तीही प्रेमाने. उद्या पहाटे हे सगळे एकाच सॉर्टिंग ऑफिसात पत्रं लावणार आहेत.

दुसरी, मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट पहिल्या दोन वेळा माझ्या लक्षातच आली नव्हती. हे भांडण *पबमध्ये* चाललंय. मैदानाबाहेर नाही, स्टँडमध्ये नाही. एरिक बिशप कित्येक वर्षांत मैदानावर गेलेला नाही. ते दिवस तो कँटोनापाशी एखाद्या जुन्या प्रेमासारखे आठवतो. पोस्टमनच्या पगारात आता ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट बसत नाही. म्हणजे 'आपण मालकांचा निषेध म्हणून मैदानावर जाणं थांबवावं का' या प्रश्नावर जी माणसं एकमेकांच्या उरावर बसली आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांचं जाणं केव्हाच थांबलेलं आहे. बहिष्कार घालायला आधी आत असावं लागतं. यांना बाजारभावानेच बाहेर ठेवलंय. रोखून धरावं असं त्यांच्या हातात काही उरलेलंच नाही, आवाज तेवढा आहे, म्हणून ते एवढ्या मोठ्याने बोलतायत.

चाहत्यांच्या आंदोलनांवर लिहिणारे या ठिकाणी हमखास घसरतात. ते असं धरून चालतात की चाहता म्हणजे ग्राहक, आणि ग्राहकाने पाठ फिरवली की दुकानदार ताळ्यावर येतो. साबणाच्या बाबतीत खरं असेल. पण इथे एकाने खुर्ची सोडली की तिच्यासाठी रांगेत दुसरा उभा आहे. ग्लेझर आल्यानंतर वर्षभरात ओल्ड ट्रॅफर्डचे दोन कोपरे बांधून पूर्ण झाले आणि क्षमता ७६ हजारांच्या आसपास गेली. हजारो माणसं निघून गेली आणि खुर्च्या कमी पडल्या, हे दोन्ही एकाच काळात घडलं. निघून गेलेल्यांच्या त्यागाला मी कमी लेखत नाही. वडिलांच्या शेजारची, तीस वर्षांची खुर्ची सोडणं काय असतं याची मला कल्पनाही करता येणार नाही. पण त्या खुर्चीवर पुढच्या शनिवारी कुणीतरी बसलेलं होतं.

त्यात संघ जिंकत होता. २००७, २००८, २००९ अशी सलग तीन लीग विजेतेपदं, मधे मॉस्कोत चॅम्पियन्स लीग. सिनेमा इंग्लंडात लागला तो या तिसऱ्या विजेतेपदानंतर काही आठवड्यांत. जिंकणाऱ्या संघाच्या मालकाविरुद्ध बोलणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत हुंड्याचा विषय काढण्यासारखं; एफसीवाल्यावर बाकीचे चिडतात त्यात याचाही भाग आहे. राग पुन्हा उसळला तो जानेवारी २०१०मध्ये, क्लबने ५० कोटी पौंडांचे रोखे काढले तेव्हा. त्या कागदपत्रांमुळे कर्जाचा आकडा आणि मालकांचे मनसुबे सगळ्यांना वाचता आले. मागच्याच उन्हाळ्यात रोनाल्डो ८ कोटी पौंडांना विकला गेला होता, ते पैसे कुठे गेले हा प्रश्नही होताच. मग लोक हिरवा-सोनेरी मफलर घालून मैदानात यायला लागले. १८७८मध्ये न्यूटन हीथ या नावाने क्लब सुरू झाला तेव्हाचे हे रंग. मार्चमध्ये डेव्हिड बेकहॅम एसी मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळायला आला आणि जाताना त्याने तो मफलर गळ्यात घातला. फोटो जगभर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की हा काही आपला विषय नाही. मफलर पुढे दोनेक वर्षांत दिसेनासे झाले. मधल्या काळात आणखी विजेतेपदं आली होती.

या मफलरबद्दल माझं मत बरं नाही. निषेधही करायचा आणि खुर्चीही सोडायची नाही, यावरचा तो सुबक तोडगा होता. तिकिटाचे पैसे मालकाला, मफलरचे फेरीवाल्याला. पण असं म्हणताना मला पबमधला तो प्रसंग आठवतो आणि जीभ चावावीशी वाटते. आत जाऊन मफलर दाखवणाऱ्याने निदान तिकीट तरी काढलं होतं.

कँटोनाचं उत्तर मात्र सरळ होतं, आणि ते सिनेमाच्या बाहेर मिळालं. सिनेमानंतर वर्षभराने एका फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत तो म्हणाला की रस्त्यावर मोर्चे काढून आता काही होत नाही. लोकांनी बँकेत जाऊन आपापले पैसे काढून घ्यावेत, व्यवस्था आपोआप कोसळेल. मुलाखतीचा व्हिडिओ पसरला, लोकांनी ७ डिसेंबर २०१० ही तारीखही ठरवली. त्या दिवशी बँकांना काहीही झालं नाही. फ्रान्सच्या मंत्र्यांनी खिल्ली उडवली. कँटोनाची सूचना ही एफसीवाल्याचीच सूचना होती, फक्त अख्ख्या भांडवलशाहीला लावलेली: काढून घ्या, सगळे मिळून काढून घ्या. आणि ती फसली तीही त्याच जागी. सगळे मिळून कधीच निघत नाहीत. निघणाऱ्याला ठाऊक असतं की शेजारचा थांबणार आहे.

आता सिनेमाचा शेवट सांगावा लागेल. ज्यांना पाहायचाय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. उत्तरार्धात कथा वेगळ्याच वळणावर जाते. सावत्र मुलाला एक गुंड आपलं पिस्तूल लपवून ठेवायला भाग पाडतो आणि एरिक त्याच्या तावडीत सापडतो. (हा भाग सिनेमात नीट मुरलेला नाही. स्वयंपाकघरातला विनोद आणि घरावर पडलेली पोलिसांची धाड एकाच भांड्यात शिजत नाहीत.) कँटोनाचा सल्ला इथे कामाला येतो. आधी एका प्रसंगात एरिक त्याला विचारतो की तुझा सगळ्यात सुंदर क्षण कोणता, आणि एकेक गोल आठवू लागतो. कँटोनाचं उत्तर एकही गोल नसतं. तो एक पास असतो, स्पर्सविरुद्ध डेनिस आयर्विनला दिलेला. आणि आयर्विनला तो घेता आला नसता तर? त्यावर त्याचं म्हणणं असं, की आपल्या संघातल्या माणसांवर भरवसा टाकावाच लागतो. एरिक पहिल्यांदाच आपली अडचण मित्रांना सांगतो. पोस्टमन आणि त्यांचे दोस्त बस भरभरून निघतात, सगळ्यांच्या तोंडावर कँटोनाचे मुखवटे, हातात बॅटी. गुंडाचं घर फोडतात, त्याला लाल रंगाने माखतात, व्हिडिओ काढतात आणि बजावतात: पुन्हा वाटेला आलास तर हे यूट्यूबवर जाईल.

थिएटरात टाळ्या पडाव्यात असा प्रसंग. मीही दरवेळी खूश होतो. पण माझी तक्रार इथेच आहे. पबमध्ये भांडणारी ही माणसं एकजूट होतात ती एका गल्लीतल्या गुंडाविरुद्ध. ज्याला चेहरा आहे, पत्ता आहे, आणि चारचौघांत नाक कापलं जाण्याची भीती आहे, अशा माणसाविरुद्ध. लोचने मालकाविरुद्धचा राग पबमध्ये तापवला आणि उतरवला मात्र गुंडावर. मालकाचं काय वाटोळं करणार? त्याचे पुतळे २००५मध्येच जाळून झाले होते. तो फ्लोरिडात होता. त्याला लाल रंग फासायला बस जात नाही, आणि व्हिडिओ टाकला तरी त्याच्या धंद्यातले लोक त्याला आणखी कर्ज द्यायचं थांबवत नाहीत. लाज ही ओळखीच्या माणसांत चालणारी नाणी आहेत. हे लोचला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण पबमधला कडवट प्रामाणिकपणा शेवटच्या अर्ध्या तासात सुटतो, हे खरं.

आणि तरीही एका दिवशी तो शेवट खऱ्या आयुष्यात घडलाच.

१८ एप्रिल २०२१ला, रविवारी रात्री, युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली. त्यात इंग्लंडचे सहा होते, युनायटेड त्यातला एक. कुणालाही खाली न ढकलणारी, कायमस्वरूपी जागा राखून ठेवलेली स्पर्धा. दोन दिवसांत लोकांच्या संतापाने इंग्लिश क्लब माघारी फिरले. पण ओल्ड ट्रॅफर्डचा राग सुपर लीगपुरता नव्हताच. १६ वर्षांची थकबाकी होती ती. २ मे रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याआधी हजारो लोक मैदानाबाहेर जमले, त्यातले काही शे आत घुसले, गवतावर नाचले, हिरवे-सोनेरी मफलर पुन्हा बाहेर आले. सामना पुढे ढकलावा लागला. सिनेमातल्यासारखं सगळं स्वच्छ नव्हतं. बाटल्या फेकल्या गेल्या, पोलीस जखमी झाले, एकाच्या चेहऱ्याला गंभीर जखम झाली. 'आंदोलन शांततेत पार पडलं' आणि 'गुंडांनी धुमाकूळ घातला' ही दोन्ही वाक्यं त्या दिवसाला तोकडी पडतात.

एक गोष्ट त्या दिवसाबद्दल कुणी फारशी बोललं नाही. कोविडमुळे सामने रिकाम्या मैदानात चालले होते. त्यामुळे त्या रविवारी मँचेस्टरमध्ये *कुणाकडेच* तिकीट नव्हतं. सीझन तिकीटवाला, पबवाला, २००५मध्ये निघून गेलेला, सगळे सारखेच बाहेर. कोण किती निष्ठावंत, कोण ग्राहक, कोण गद्दार, हे ठरवायचं मापच शिल्लक नव्हतं. खुर्ची सोडायची की नाही हा वाद मिटला, कारण खुर्च्या कुणालाच नव्हत्या. आणि शेजाऱ्याने आपली जागा पटकवायची भीतीही नव्हती. पंधरा वर्षं जे जमलं नाही ते महामारीने एका वर्षात करून दाखवलं: अख्ख्या ओल्ड ट्रॅफर्डचा पब केला.

याच्या उलट टोकाचं उदाहरण लिव्हरपूलचं, आणि ते मला सगळ्यांत हुशार वाटतं. फेब्रुवारी २०१६मध्ये मालकांनी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात संघ २-० ने पुढे असताना ७७व्या मिनिटाला हजारो माणसं उठली आणि घरी गेली. उरलेल्या मिनिटांत संडरलंडने दोन गोल केले, सामना २-२. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. हे लोक बाहेर थांबले असते तर त्यांच्या जागा विकल्या गेल्या असत्या. आत बसून, पैसे भरून, मग उठल्यामुळे ती खुर्ची त्या दिवसापुरती दुसऱ्या कुणाला विकता येत नव्हती, आणि ती रिकामी टीव्हीवर दिसत होती. किंमतही त्यांनीच मोजली: दोन गुण. अर्थात त्यासाठी आधी आत असावं लागतं, आणि एरिक बिशप आत नव्हता.

२ मेच्या उठावातून काय मिळालं? जोएल ग्लेझर जूनमध्ये चाहत्यांच्या मंचासमोर ऑनलाइन बसला. चाहत्यांना मतदानाचा समान अधिकार असलेले शेअर देण्याची योजना आखू म्हणाला. तसे शेअर कुणाच्या हाती पडलेले मी तरी पाहिलेले नाहीत. हे समान अधिकाराचं प्रकरण का महत्त्वाचं, तर २०१२मध्ये क्लब न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नेताना ग्लेझरांनी स्वतःकडे ठेवलेल्या प्रत्येक शेअरला दहा मतं ठेवली होती आणि लोकांना विकलेल्या प्रत्येकाला एक. फेब्रुवारी २०२४मध्ये जिम रॅटक्लिफ पाव हिश्श्याहून अधिकचा भागीदार झाला, फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे गेला. त्याच वर्षाअखेरीस ऐन हंगामात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना झाली, मुलांना-वृद्धांना सवलत नाही. मार्च २०२५मध्ये लोक काळे कपडे घालून मैदानावर चालत गेले. ग्लेझर आहेतच.

मग एफसी युनायटेड तरी जिंकलं का? पबमधल्या मित्रांचा खवचट प्रश्न हाच असणार. त्यांनी २०१५मध्ये मॉस्टन भागात स्वतःचं मैदान बांधलं, उद्घाटनाला बेन्फिकाचा संघ आला. आणि वर्षभरात, २०१६मध्ये, सभासदांनी आपल्याच संचालक मंडळाविरुद्ध निषेध सुरू केला! कारभार बंद दाराआड चालतो, आमचं ऐकलं जात नाही, अशी तक्रार. मंडळातले अनेक जण पायउतार झाले. हे वाचून मला आधी हसू आलं, मालकच नकोत म्हणून निघाले आणि तिथेही निषेधाची पाळी. मग लक्षात आलं की फरक बारीक असला तरी खरा आहे. त्यांनी निषेध केला, मत दिलं, नवं मंडळ आणलं, आणि पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर गेले. भांडणाला निकाल लागण्याची सोय होती. पबमधल्या भांडणाला ती नाही, म्हणून ते वीस वर्षं चाललंय.

माझ्यासारख्याची या सगळ्यात जागा कोणती, हा प्रश्न मी बराच काळ टाळला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जाताना क्लबने गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की आमचे जगभरात ६५ कोटी ९० लाख चाहते आहेत. आकडा एका पाहणीचा, आणि फुगवलेला वाटावा असा. पण त्यात हॉस्टेलच्या खाटेमागचं माझं पोस्टर मोजलेलं असणार. मालकांनी विकलं ते मैदान नव्हे, ही गर्दी विकली. मँचेस्टरचा माणूस खुर्ची सोडतो तेव्हा त्याची जागा घ्यायला रांगेत जो उभा असतो तो मी. मी पौंड देत नाही, रात्री जागून महिन्याच्या वर्गणीत मॅच पाहतो. पण म्हणूनच मालकाला मँचेस्टरवाल्याच्या रागाची किंमत वाटत नाही.

हॉस्टेलमधला तो लॅपटॉपवाला मित्र माझ्याआधी या निष्कर्षाला आला होता. एप्रिल २०२१च्या त्या आठवड्यात त्याने आमच्या ग्रुपवर जाहीर केलं की त्याने ॲपची वर्गणी बंद केली आहे आणि ग्लेझर जाईपर्यंत तो एकही मॅच पाहणार नाही. आपण सगळ्यांनी तेच करावं. दुसरी लाट भरात होती. त्याच ग्रुपवर कुणाला बेड, कुणाला ऑक्सिजन हवा असल्याचे मेसेज येत होते आणि मधेमधे आम्ही अमेरिकन मालकांवर भांडत होतो. मी त्याला लिहिलं की पुण्यातल्या सहा जणांनी मॅच न पाहिल्याने फ्लोरिडात कुणाला काही कळणार नाही. तो म्हणाला, कळण्यासाठी करत नाहीये. मी म्हटलं, मग हा निषेध नाही, उपवास आहे. त्याला ते लागलं. मला वाटतं तो बरोबर होता आणि मीही चूक नव्हतो. काही महिने आम्ही नीट बोललो नाही.

२ मेला रात्री ९ वाजता मी फोन घेऊन बसलो होतो. मॅच सुरूच होईना. हिरवे-सोनेरी धूर, रिकामं मैदान, गोलपोस्टला लटकलेली पोरं. मी मनात त्यांच्या बाजूने होतो आणि मॅच होत नाही म्हणून वैतागलोही होतो, दोन्ही एकाच वेळी, अगदी प्रामाणिकपणे.

तो सामना १३ मेला झाला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला होता. मी पूर्ण पाहिला. सकाळी सात वाजता मित्राचा मेसेज आलेला होता, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. किती झाले, एवढंच.

मी लिहिलं: २-४.

कुणाचे चार, ते त्याने विचारलं नाही.